सेहेचाळीस मतं

मंगळवारचं पाणी सकाळी सहाला सुटायचं, आणि एलायस तुस्कानो पावणेसहालाच व्हॉल्व्हपाशी उकिडवा बसलेला असायचा. काळी नळी कानाला लावून. हसू नका, खरोखरच कानाला लावायचा. आत फुसफुस ऐकू आली की समजायचं, वर टेकाडावर नील हार्कनेसने बोअरची मोटर चालू केली. मग गुडघे कटकट वाजवत उठायचं आणि ठिबकच्या ओळी एकेक करून मोकळ्या करत सात एकर फिरायचं. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार. मधल्या दिवसांत मेथीने मान टाकली तरी नुसतं बघत बसायचं.

त्या मंगळवारी सव्वासहा झाले, साडेसहा झाले, नळी ढिम्म. ऑक्टोबर अर्धा सरला होता, ऑस्ट्रेलियातला उन्हाळा तोंडावर आलेला, आणि पश्चिमेचा कोरडा वारा उजाडल्यापासूनच सुटला होता. कारल्याची रोपं दोनच दिवसांपूर्वी प्लास्टिकच्या बोगद्यातून काढून वाफ्यांत लावलेली, दोनदोन पानांची लेकरं. फोन करावा तर नील म्हणणार, मेट, विसरलो होतो, त्यात एवढं काय? न करावा तर रोपं जाणार. तो उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

शेवटी टेकाडावरून धुरळा उठला आणि नीलची पांढरी यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, फाटकाशी येऊन थांबली. साठी ओलांडलेला माणूस, लालबुंद मान, हाताच्या पाठीवर उन्हाचे डाग. ही जमीन त्याची, बोअर त्याची, रस्त्याचा तो तुकडासुद्धा त्याचाच. तो खाली उतरला आणि फाटकावर कोपरं टेकवून उभा राहिला.

"पाणी सोडतो मी. आधी दुसरं बोलायचंय," तो म्हणाला. "आपल्या मेंबरने तब्येतीचं कारण सांगून राजीनामा दिला, ऐकलंस ना? पोटनिवडणूक लागली. कॅनबेराची, देशाच्या पार्लमेंटची सीट आहे. मी उभा राहतोय, अपक्ष."

"छान, छान," एलायस म्हणाला. डोळे रोपांकडे.

"तुमची किती मतं आहेत? शेडमधले सगळे धरून. सिटिझन झालेले."

एलायसने बोटांवर मोजायला सुरुवात केली. यारंबी गावाच्या टोमॅटो पॅकिंग शेडमध्ये वसईची अकरा घरं, केरळची चार, पंजाब्यांची दोन. मोजताना त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण नीलने आजवर त्याला कधी काही मोजायला सांगितलं नव्हतं.

"माझा पणजासुद्धा पोटनिवडणुकीतच निवडून आला होता," नील म्हणाला. "तेव्हा देशच नव्हता हा, राणीची कॉलनी होती. मतं पडली इथल्याच हॉलमध्ये. अकरा मतांनी जिंकला. फोटो बघितलायस ना त्याचा, दाढीवाला? आणि कशावर जिंकला माहितीये?" त्याने बुटाची टाच जमिनीवर आपटली. "या तुकड्यावर. इथे चिनी लोक भाजी करायचे. नदीकाठची सगळ्यात चांगली माती पटकावून बसले होते. गावाला नको होते. पणजा म्हणाला, मला निवडून द्या, मी घालवतो. घालवले. नाव तेवढं राहिलं बघ."

नाव राहिलं होतं खरं. या सात एकरांना सगळं गाव अजून 'चायनामन्स' म्हणायचं. खणताना एलायसला निळ्या फुलांच्या वाडग्यांचे तुकडे सापडायचे. त्याच्या बायकोने, फ्रेडाने, ते धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत मांडून ठेवले होते. नीलने हे सगळं पाऊसपाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं, मनात काही न ठेवता. एलायसनेही ऐकल्यासारखं केलं. त्याचं सगळं लक्ष पुढच्या वाक्याकडे लागलं होतं, आणि ते वाक्य आलं.

"डिसेंबरात तुझा करार संपतो. बदामवाली कंपनी माझ्या मागे लागलीय या तुकड्यासाठी. मी थांबवून धरलंय त्यांना. निवडून आलो की तुला दहा वर्षांचा कागद करून देतो. पाणीही आठवड्यातून तीनदा. पण लोक तुझे, ते तू सांभाळायचे."

नील गेल्यावर पंधरा मिनिटांत नळी फुसफुसली. त्या दिवशी पाण्याला उशीर झाला तो आपोआप की मुद्दाम, हे एलायसने स्वतःला विचारलं नाही. मीही विचारत नाही.

दहा वर्षं! तो ओळीओळीतून धावलाच म्हणायचा. बावन्नाव्या वर्षी माणूस असा धावलेला बरा दिसत नाही, पण त्याला कोण बघणार होतं? वसईतली बापाची वाडी बिल्डरच्या घशात गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. तेव्हापासून त्याच्या हाताखाली माती नव्हती. बोरिवलीत कुरिअर, मग सिडनीला येऊन हॅरिस पार्कच्या एका खोलीत सहा वर्षं, गोदामातल्या रात्रपाळ्या. कायमचं राहायचं तर लहान गावात काम करा म्हणाले, म्हणून यारंबी, म्हणून टोमॅटोची शेड. आणि पाच वर्षांपूर्वी एका रविवारी या पडीक तुकड्याशी त्याने गाडी थांबवली, खाली उतरून मूठभर माती उचलली आणि फ्रेडाच्या नाकाशी धरली. "वास घे," म्हणाला. फ्रेडाने वास घेतला आणि तिथेच रडायला लागली.

आता त्याच मातीतली मेथी, लाल माठ, अळू, कारली दर बुधवारी व्हॅनने हॅरिस पार्कच्या दुकानांत जायची. त्यांची मुलगी मेलिसा अ‍ॅडलेडला मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत शिकत होती ती याच मातीवर. खुरपं मात्र वसईचं, बापाचं. विमानतळावर तपासणीवाल्यांनी ते फवारून, पुसून परत दिलं होतं.

"तुझ्यासारखा भोळा माणूस जगात नाही," फ्रेडा म्हणाली. शेडच्या सावलीत पालथ्या क्रेटवर बसून ती मेथीच्या जुड्या बांधत होती, आणि तिचे हात बोलताना कधी थांबायचे नाहीत. "कागद आधी कर म्हणावं, मत मग."

"असं कसं म्हणणार त्याला?"

"तोंडाने."

"फ्रेडा, दहा वर्षं! मेलिसाचं लग्नसुद्धा होऊन जाईल तोवर."

फ्रेडाने जुडीची मुळं खाटकन कापली. हसू दाबत होती ती, ते त्याला दिसलं.

त्या दिवसापासून एलायसच्या अंगात वारं शिरलं. सकाळी निंदणी, दुपारी कारल्याच्या मांडवाचे खांब ठोकणं, आणि चार वाजले की घाम पुसून, शर्ट बदलून घरोघरी. बरोबर रॉनी. रॉनी डाबरे म्हणजे शेडमधला लाइन सुपरवायझर, वयाने लहान पण जिभेचा तेज. केरळच्या लोकांशी तो हिंदीत बोलायचा, पंजाब्यांशी पंजाबी समजून काहीतरी भलतंच बोलायचा, आणि सगळे हसत हो म्हणायचे. तीन आठवड्यांत आकडा पक्का झाला. सेहेचाळीस.

"फॉर्टी-सिक्स!" नीलने एलायसच्या पाठीवर थाप मारली. पाच वर्षांतली पहिली. त्या शुक्रवारी पाणी सहाच्याही आधी सुटलं.

मग कार्डं आली.

दर रविवारी संध्याकाळी रॉनीच्या गॅरेजमध्ये रोझरी, माळेची प्रार्थना, व्हायची. ऑक्टोबरात सुरू केलेली ती यंदा नोव्हेंबरातही चालू ठेवली होती, कारण पाऊस नव्हता आणि मागण्यासारखं पुष्कळ होतं. त्या रविवारी रोझरी संपली, चहा झाला आणि एलायसने नीलने दिलेलं पाकीट फोडून कार्डं वाटली. मतपत्रिका कशी भरायची ते दाखवणारं हिरवं कार्ड. पाच उमेदवार, पाच चौकटी, प्रत्येक चौकटीत छापलेला आकडा. नीलपुढे एक.

सगळ्यांत आधी बघितलं ते फ्रेडाने. चष्मा नाकावर घेऊन तिने कार्ड उजेडात धरलं.

"दोन नंबर कोणाला दिलाय?"

दोन नंबर ड्रिस्कॉलला होता.

हा ड्रिस्कॉल कोण ते सांगायला हवं. गावातला ट्रॅक्टर विकणारा. रेडिओवर बोलायचा की शेडवाल्यांनी गाव नासवलं, एकेका घरात दहादहा माणसं, शाळेपर्यंत त्यांच्या फोडणीचा वास येतो. ते एक वेळ सोडून देऊ, रेडिओ बंद करता येतो. पण फेब्रुवारीत शनिवारच्या बाजारात तो फ्रेडाच्या टेबलापाशी आला होता. चार माणसं बरोबर. त्याने डब्यातलं एक कारलं उचललं, हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे आपण खायचं म्हणे आता." कारलं परत टाकलं आणि हात पुसले. कशाला? तर टेबलावर अंथरलेल्या कापडाला. फ्रेडाच्या आईने आंधळी व्हायच्या आधी क्रोशाने विणलेलं पांढरं कापड. दोन्ही तळवे, सावकाश, एक एक बोट. त्यानंतर ते कापड फ्रेडाने धुतलं, पण परत कधी अंथरलं नाही.

"ही त्यांची सोय असते," एलायस म्हणाला. "नीलने ड्रिस्कॉलला दुसरा नंबर द्यायचा, ड्रिस्कॉलने नीलला. जो तळाला राहतो त्याची मतं कागदावरच्या पुढच्या नंबरवाल्याला जातात. मनात काही नसतं नीलच्या."

"त्याच्या मनात नसेल. माझ्या आहे," फ्रेडा म्हणाली.

"शेवटचा नंबर द्यावा त्याला," रॉनीची बायको सिंथिया म्हणाली. ती वृद्धाश्रमात काम करायची, तिला भांडण मिटवायची सवय. "पाच लिहूया ना आपण. कार्डात काय, कार्ड आपलं मार्गदर्शन."

"पाच लिहिला तरी त्याच्या नावापुढे माझी पेन्सिल लागलीच ना? नाही लावणार. माझ्या हाताने त्या माणसाला आकडा नाही मिळणार, मग पाच असो की पाचशे."

गॅरेजमध्ये कुजबुज सुरू झाली. बायका फ्रेडाच्या बाजूने, मग पुरुषही. जोजी नावाचा केरळचा म्हातारा म्हणाला, मी मतच टाकत नाही. एलायसच्या डोळ्यांपुढे सेहेचाळीस मतं वाळूसारखी ओघळायला लागली. दहा वर्षं, तीनदा पाणी, सगळं. आणि तेवढ्यात त्याला पॅरामॅटा आठवलं.

"अरे, थांबा!" त्याने टाळीच वाजवली. "कोणी सांगितलं सगळे आकडे लिहायचे? सिटिझन झाल्यावर एकदा दुकानांचे पैसे आणायला सिडनीला गेलो होतो, तेव्हा पॅरामॅटात मत टाकलंय मी. नुसता एक लिहायचा, बाकी कोरं सोडायचं. तिथल्या माणसाने स्वतः सांगितलं मला, जस्ट वोट वन. टाकलं आणि पाच मिनिटांत बाहेर."

"चालतं?" रॉनीने विचारलं. त्याचं काय, बहुतेकांचं हे पहिलंच मत होतं.

"धावतं! नीलपुढे एक लिहा, घडी घाला, पेटीत टाका. नीलला मत मिळालं, आणि त्या दुसऱ्याला आपल्याकडून काहीसुद्धा नाही."

"पण कागदावर वेगळं लिहिलेलं असेल तर?" सिंथियाने विचारलं.

"लिहितात ते. सिगरेटच्या पाकिटावरसुद्धा लिहितात."

सगळे हसले. फ्रेडाही हसली, आणि आपल्या नवऱ्याकडे तिने असं बघितलं की बिचाऱ्याला कान गरम झाल्यासारखं वाटलं. भर लोकांत तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हुशार आहे हं माझा माणूस," म्हणाली. सत्तावीस वर्षांत असं ती दोनदा म्हणाली असेल.

मतदानाचा शनिवार उजाडला तोच तापलेला. दहा वाजताच अडतीस डिग्री. हॉलच्या बाहेर शाळेच्या बायका सॉसेज भाजत होत्या आणि कांद्याचा धूर रांगेवरून फिरत होता. एलायसने लग्नाकार्यात घालायचा शर्ट घातला होता, काखेत ओला झालेला. सगळ्यांना त्याने एकदमच बोलावलं होतं. नीलला दिसायला नको का, सेहेचाळीस म्हणजे किती ते?

नील फाटकात उभा होता, हिरवी कार्डं वाटत. प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणत होता, "एक ते पाच, मेट. कार्डावर आहे तसंच." आपले लोक मान डोलवत होते, कार्ड खिशात घालत होते आणि एलायसकडे बघून डोळे मिचकावत होते.

पुढारी म्हणून एलायस पहिला. त्याच्यामागे रॉनी, सिंथिया, जोजी, मग निळ्या फ्रॉकमध्ये फ्रेडा. हॉलमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त उकाडा. भिंतीवर ओळीने दाढीवाले, त्यांत नीलचा पणजा, काचेवर माश्यांचे डाग. टेबलामागच्या बाईने नाव विचारलं, पट्टी ठेवून यादीत रेघ मारली, मतपत्रिका दिली आणि भरभर काहीतरी पुटपुटली. सकाळपासून शंभरदा म्हणून तिचे शब्द झिजले होते. एलायस थँक यू म्हणाला आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला गेला.

दोरीला बांधलेली पेन्सिल त्याने उचलली. मतपत्रिका उलगडली. वर जाड अक्षरांत एक ओळ होती. मत मोजलं जावं म्हणून प्रत्येक चौकटीत आकडा लिहा.

त्याने परत वाचली. प्रत्येक चौकटीत. मोजलं जावं म्हणून.

आणि मग पॅरामॅटा त्याला नीट आठवलं. ती शाळा, तो माणूस, त्याच्या हातातलं पत्रक. ती राज्याची निवडणूक होती. राज्याला नुसता एक चालतो. ही कॅनबेराची, देशाची होती. एवढा साधा फरक, मेलिसाला झोपेतून उठवून विचारला असता तरी तिने सांगितला असता. पण त्याने कोणाला विचारलं होतं?

घामाचा एक थेंब कागदावर पडला. नीलपुढे त्याने एक लिहिला. हात थांबला. ड्रिस्कॉलचं नाव खालून दुसरं होतं. पाच लिहिता आला असता. कोण बघत होतं त्याला? मत तरीही धरलं गेलं असतं, नीललाच मिळालं असतं. पण डाव्या हातात हिरवं कार्ड होतं, फाटकात नील होता, नीलच्या हातात मोटरचं बटण होतं, आणि पाच वर्षांत एलायसच्या हाताला एकच सवय लागली होती, सांगितलं तसं करायची. त्याने दोन लिहिला. मग तीन, चार, पाच. घडी घातली आणि पेटीत टाकली.

वळला तर समोर आपली सगळी रांग. रॉनी कागद घ्यायला टेबलाशी पोचला होता. तेवढंच करायचं होतं, तीन पावलं जायचं आणि सांगायचं, अरे, चुकलं माझं, सगळे आकडे लिहा. पंचेचाळीस माणसांसमोर. फ्रेडासमोर, जिने भर लोकांत हुशार म्हटलं होतं. आणि ती काय म्हणाली असती? मग नाहीच टाकत मी मत. मागच्या मागे वळली असती, तिच्यामागे बायका, बायकांमागे पुरुष, आणि फाटकात नील बघत राहिला असता. की ऐकलं असतं तिने? ते त्याला तिथे उभं राहून कळणार नव्हतं.

"नुसता एक ना, अंकल?" रॉनीने हळूच विचारलं.

एलायसने मान हलवली. वरून खाली, एकदाच.

बाहेर येऊन त्याने ब्रेडमधलं सॉसेज घेतलं आणि झाडाखाली उभा राहिला. सगळे मत टाकून बाहेर येईपर्यंत ते तसंच हातात होतं, वर माश्या बसलेल्या.

निकाल लगेच लागेना. नील आणि शहरातली एक गुरांची डॉक्टरीण, दोघांत केसाएवढं अंतर. ड्रिस्कॉल तिसरा. टपालाची मतं यायची होती, मग फेरमोजणी. दहा-बारा दिवस असेच गेले. एलायस कामाला जुंपून राहिला. कारल्याचे वेल सुतळीवर चढायला लागले होते. तो पहाटेपासून त्यांचे शेंडे हाताने वळवून सुतळीला लावत राहायचा, मान वर करून करून मानेला रग लागायची, खांदे भरून यायचे, तरी घरात यायला मागायचा नाही. फ्रेडा मात्र त्या दिवसांत खुशीत होती. मेथीचे दिवस संपले म्हणून लाल माठ कापताना गुणगुणायची. एका संध्याकाळी तिने ते क्रोशाचं कापड कपाटातून काढलं, इस्त्री केलं आणि जेवणाच्या टेबलावर अंथरलं.

"बाजारात नको, पण घरात तरी वापरू," ती म्हणाली. एलायसचा घास तोंडातच फिरला.

बुधवारी दुपारी रॉनी व्हॅन भरायला आला तो बातमी घेऊनच. "पडला! एकोणतीस मतांनी!"

"मग आपली सेहेचाळीस?" फ्रेडाने विचारलं.

"ती नसती तर आणखी आपटला असता," एलायस म्हणाला. त्याने क्रेट उचलून व्हॅनमध्ये ठेवला, मग तोच परत खाली काढला आणि परत ठेवला. फ्रेडा बघत होती.

गुरुवारी सकाळी नील आला. शेडशी यूट थांबवून तो खाली उतरला, टोपी काढली आणि कपाळ पुसलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. दोन आठवड्यांत माणूस वाळला होता. फ्रेडा क्रेटवर बसून माठाच्या जुड्या बांधत होती, एलायस सुतळीचं रीळ हातात घेऊन उभा.

"माझा माणूस मोजणीला होता," नील म्हणाला. "हॉलच्या पेटीतली बाद मतं त्याने वेगळी मोजली. माझ्या नावापुढे एक आणि बाकी सगळं कोरं, अशी पंचेचाळीस. पंचेचाळीस, एलायस! मला पाडायचं होतं तर त्या बाईला मत द्यायचं. मी समजलो असतो. हे काय केलंत? हात धरून सांगितलं होतं ना मी प्रत्येकाला?"

एलायसने रीळ या हातातून त्या हातात घेतलं. फ्रेडाचे हात थांबले होते. त्याने आजवर ते कधी थांबलेले बघितले नव्हते.

"बाद?" ती म्हणाली. "नुसता एक बाद होतो?"

"कागदावर लिहिलं होतं," नील म्हणाला. "पहिल्याच ओळीत." मग तो परत एलायसकडे वळला. "आज संध्याकाळी पाणी बंद करतोय मी. बदामवाले सोमवारी येतायत मोजमाप घ्यायला. पण एक विचारायचं राहिलंय. तू मला सेहेचाळीस सांगितली होतीस. पंचेचाळीस बाद झाली. म्हणजे एकाने बरोबर लिहिलं. कोण तो? तू होतास का?"

वारा पडला होता. सात एकरांवर कारल्याची पिवळी फुलं उघडली होती, आणि एलायसला कळत होतं की हो म्हटलं की काहीतरी हाती लागेल. दहा वर्षं नाही, पण काहीतरी. एवढा एक शब्द. फ्रेडा त्याच्याकडे बघत होती. त्याने मान खाली घातली आणि सुतळीचं टोक शोधायला लागला.

फ्रेडाने बराच वेळ त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं. मग ती उठली, मांडीवरची माती झटकली.

"मी," ती इंग्रजीत म्हणाली. "मी लिहिलं, नील. एक ते पाच. कार्डावर होतं तसंच."

"ड्रिस्कॉलला दोन?"

"दोन."

बोलताना तिने दोन्ही तळवे फ्रॉकला पुसले, सावकाश. नीलने तिच्याकडे बघून मान डोलवली.

"एक तरी निघालं," तो म्हणाला. "ठीक आहे. तुझ्याखातर, फ्रेडा. मार्चपर्यंत पाणी देतो, एवढं पीक काढून घ्या. त्यानंतर नाही." त्याने टोपी घातली आणि गेला. धुरळा खाली बसेपर्यंत दोघंही जागची हलली नाहीत.

फ्रेडा क्रेटवर बसली. माठाची जुडी उचलली, मुळं सारखी केली, रबर चढवलं. दुसरी उचलली. बोटं लाल झाली होती.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"पेन्सिल हातात घेतली तेव्हा."

"मग तू बाहेर आलास."

"हो."

"आणि रॉनीने विचारलं तेव्हा मान हलवलीस. मी बघितलं ना तुला मान हलवताना. म्हटलं, माझा माणूस सांगतोय, म्हणजे बरोबरच असेल."

"फ्रेडा, तू म्हणाली होतीस की त्याच्या नावापुढे..."

"म्हणाले होते. हट्ट होता माझा. तू येऊन सांगितलं असतंस, फ्रेडा, जमीन जाईल, तर मी लिहिला असता. आत्ता म्हणालेच ना लिहिला म्हणून? तुझ्यासाठी म्हणाले, नि जमीन तरीही गेली." तिचा आवाज चढला नाही. तिने मुळं कापली. "मी किती लांब होते, एलायस? चौथी होते तुझ्यामागे. चौथी."

आणि तिने पुढची जुडी उचलली.